गाठ सौम्य असल्याबाबत

ज्याने माणूस मरत नाही त्याची घाई करू नये, हे सुसंस्कृत प्रशासनाचं पहिलं तत्त्व आहे. (ज्याने माणूस मरतो त्याचीही घाई करू नये, हे दुसरं, पण ते लिहून ठेवायची पद्धत नाही.) हे तत्त्व मनापासून पाळणाऱ्या मोजक्या संस्थांमध्ये एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बसणारी संशोधन नीतिमत्ता समिती फार वरच्या क्रमांकावर होती. रुग्णालयात कुठलंही नवं औषध माणसावर तपासून पाहायचं तर आधी या समितीची परवानगी लागायची. समितीने आजवर कोणालाही परवानगी नाकारली नव्हती. नाकारायचं तर निर्णय घ्यावा लागतो.

समितीत सगळे विद्वान होते. अध्यक्ष शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उभी हयात मृतदेहांच्या सहवासात गेल्यामुळे समोरच्याला घाई असू शकते, ही कल्पनाच त्यांना नवीन होती. शिवाय एक वकीलबाई, औषधशास्त्राचे एक प्राध्यापक, आणि इतिवृत्त लिहिणारे सचिव. या विद्वानांवर नजर ठेवायला नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस हवा होता. तो हजर नसेल तर गणपूर्ती होत नसे आणि बैठक बरखास्त करावी लागे. चहा मात्र तोवर येऊन गेलेला असे.

हे सामान्य माणसाचं पद हळूमामांकडे होतं. मामांची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंडाने "हळू, हळू" म्हणत राहायचं, यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. नाव त्यावरूनच पडलं. अध्यक्षांच्या पत्नीलाही त्यांनीच गाडी शिकवली होती आणि बाईंच्या हातून आजतागायत एकही अपघात झाला नव्हता. (लायसन मिळाल्यावर त्यांनी गाडी चालवली नाही.) असा माणूस समितीवर हवाच, असं अध्यक्षांना वाटलं.

मामांनाही समिती आवडली. खुर्ची मऊ होती, बिस्किटं ताजी असत आणि सगळे 'अहो जाहो' करत. चार वर्षांत ते बैठकीत दोनदा बोलले होते. एकदा 'अनुमोदन' म्हणाले होते आणि एकदा एसीचं पाणी खांद्यावर ठिबकतंय असं म्हणाले होते. दोन्ही विधानांची इतिवृत्तात रीतसर नोंद आहे.

या समितीपुढे लहान मुलांच्या सर्जनबाईंचा प्रस्ताव आला. विषय असा. काही बाळांना जन्मानंतर थोड्या आठवड्यांत कातडीवर लालबुंद गाठ येते, साल काढलेल्या टोमॅटोसारखी. रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता असतो तो, कॅन्सर नाही. काही महिने वाढते आणि मग बहुतेक वेळा हळूहळू आपोआप ओसरते. म्हणून तिला 'सौम्य' म्हणतात. पण एखादी गाठ भलत्या जागी येते आणि ओसरायच्या आधी नुकसान करून जाते. अशा गाठींवर एक नेहमीचं औषध आहे. ते काही बाळांना सोसत नाही. त्या थोड्या बाळांसाठी कॅन्सरवरचं एक जुनं केमोचं औषध थेंबभर घेऊन थेट गाठीत टोचलं तर गाठ लवकर आक्रसते का, एवढंच बाईंना पाहायचं होतं.

वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत 'केमो' या शब्दाखाली लाल रेघ मारली. कॅन्सर नसलेल्याला कॅन्सरचं औषध देणं म्हणजे औषधाचीही फसवणूक नव्हे का, असा त्यांचा मुद्दा होता. औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं की या औषधाने फुप्फुसाला इजा होते त्याचं काय. सर्जनबाई म्हणाल्या की प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच मात्रा अगदी कमी ठेवली आहे, तपासण्या ठरवल्या आहेत, आणि त्यांनी आकडे दाखवले. प्राध्यापकांचं समाधान झालं. पुढच्या बैठकीत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, कारण आधीच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झालेलं नव्हतं आणि त्यामुळे त्यांचं समाधानही अधिकृत नव्हतं.

मग संमतिपत्राचा प्रश्न निघाला. नियमाप्रमाणे मोठ्या मुलांची स्वतःचीही संमती घ्यायची असते. ही मुलं तान्ही असल्याने तिथे 'लागू नाही' असा रकाना घालायचं ठरलं. रकाना वाढल्यामुळे संमतिपत्र नवीन झालं. संमतिपत्र नवीन झाल्यामुळे प्रस्ताव नवीन झाला. आणि नवीन प्रस्ताव रांगेत शेवटी लागतो.

"मुलं वाढतायत तोवर," सर्जनबाई म्हणाल्या.

"बाई, तुमची अडचण अशी आहे," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "की तुमचा आजार पुरेसा वाईट नाही. हीच गाठ कॅन्सरची असती तर मी आज सही केली असती."

सगळे हसले. मामाही हसले. वाक्य खरोखरच चांगलं जमलं होतं.

त्याच सुमारास मामांच्या भाचीला मुलगी झाली. आई लवकर गेल्यामुळे ही भाची मामा-मामींच्याच घरी वाढलेली. बायकांच्या सलूनमध्ये केस कापायची. नवरा जहाजावर स्वयंपाकी, सहा-सहा महिने पाण्यावर. मुलीचा चेहरा लाकडी बाहुलीसारखा वाटोळा, गाल फुगीर, म्हणून घरात तिला ठकी म्हणू लागले. ठकी तीन आठवड्यांची असताना तिच्या पापणीवर एक लाल ठिपका दिसला. मामी म्हणाल्या, डास चावला असेल. ठिपका पसरला, फुगला, आणि दोन महिन्यांत पापणीवर पिकल्या बोराएवढी गाठ बसली.

भाची सलूनमध्ये ठकीला टोपलीत घालून शेजारी ठेवायची. गिऱ्हाइकं समोरच्या आरशातून बाळाकडे बघायची आणि भाचीची नजर आरशात भेटली की घाईघाईने स्वतःच्या केसांबद्दल बोलू लागायची. भाचीने टोपीची झालर पुढे ओढायला सुरुवात केली. झालर आणि गाठ यांच्यात गाठ जिंकत गेली.

ती सर्जनबाईंकडे गेली. नेहमीचं औषध सुरू झालं. आठवडाभरात ठकीच्या रक्तातली साखर उतरली, ती फिट येऊन निळी पडली आणि तीन दिवस अतिदक्षता विभागात राहिली. ते औषध बंद झालं. दुसरा उपाय आहे, बाई म्हणाल्या, पण तो समितीकडे आहे.

"कुठली समिती?" भाचीने विचारलं, आणि उत्तर ऐकून ती दवाखान्यातून तडक मामांच्या घरी आली. चपलाही न काढता म्हणाली, "मामा, तू त्या कमिटीत आहेस ना? मग माझं काम झालंच."

मामांना त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिला.

दुसऱ्याच दिवशी ते सर्जनबाईंना जाऊन भेटले. बाई जेवत होत्या. डबा बाजूला सारून बोलल्या. मामांनी सांगितलं की बाळ गोड आहे, गाठ सौम्य आहे, जाईल ना आपोआप.

"गाठ जाईल," बाई म्हणाल्या. "पण काका, डोळा जन्मतः बघत नाही. तो बघायला शिकतो. ही गाठ पापणी खाली दाबून बसलीय, त्या डोळ्यात उजेडच नीट जात नाही. या महिन्यांत तो शिकला नाही तर नंतर शिकवता येत नाही."

मामांनी साठीच्या आजीबाईंना घाटात गाडी चालवायला शिकवलं होतं. एका डाव्या-उजव्यात गोंधळणाऱ्या हवालदाराला त्यांनी पाचव्या प्रयत्नात पास करून दाखवलं होतं. कुठल्याही वयात कोणीही काहीही शिकू शकतं, फक्त शिकवणाऱ्याने धीर धरावा, हा त्यांच्या धंद्याचा पाया होता. एखाद्या गोष्टीचं शिकायचं वय निघून जातं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते जिना उतरून खाली आले आणि आपली गाडी कुठे लावली होती ते त्यांना बराच वेळ आठवेना.

पुढच्या बैठकीची त्यांनी तयारी केली. मामींना समोर बसवून दोनदा बोलून पाहिलं. मामी म्हणाल्या, चांगलं आहे, फक्त मध्ये घसा खाकरू नका. बैठकीत विषय क्रमांक सात येताच मामा उभे राहिले. (बसून बोलायची पद्धत होती, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण कधी प्रसंगच आला नव्हता.) त्यांनी डोळ्याचं शिकणं सांगितलं. उजेडाचं सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षही पुढे झुकून ऐकू लागले. सही होणार, असं वातावरण खोलीत क्षणभर तयार झालं, आणि सरळ मनाच्या माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मामांना सुचलं.

"हे मी ऐकीव सांगत नाही," ते म्हणाले. "त्यातली एक माझ्या भाचीची मुलगी आहे."

खोली गार झाली. मग अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. समितीच्या इतिहासात कोणी स्वतःहून हितसंबंध जाहीर केल्याची ही पहिलीच वेळ होती. मामांच्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि नियमाप्रमाणे त्यांना बाहेर जाऊन बसायची विनंती करण्यात आली. ते बाहेर गेले. ते बाहेर गेल्यामुळे आत सामान्य माणूस उरला नाही. सामान्य माणूस न उरल्यामुळे गणपूर्ती मोडली. गणपूर्ती मोडल्यामुळे विषय क्रमांक सात पुढे ढकलण्यात आला. मामा बाकावर बसून निकालाची वाट पाहत होते. सचिवांनी त्यांना बाहेरच बिस्किटं आणून दिली.

तोडगा सोपा आहे असं मामांना वाटलं. त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे दुसरा सामान्य माणूस नेमता येईल. सचिव हळहळले. राजीनामा मंजूर करायला बैठक लागते, बैठकीला गणपूर्ती लागते, आणि मामांचा स्वतःचाच राजीनामा असल्यामुळे त्या विषयात त्यांचा हितसंबंध येतो. तातडीच्या प्रकरणांसाठी एक उपसमिती होती, पण ती स्थापन व्हायची होती. शेवटी प्रश्न कायदेशीर सल्ल्यासाठी पाठवला गेला: भाचीची मुलगी ही 'जवळची नातेवाईक' आहे किंवा कसे.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. भाची कोपऱ्यात ठकीला मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, ते शेवटचं वाक्य नसतं बोललात तर?" मामी म्हणाल्या.

भाचीच म्हणाली, "जाऊ दे मामी. तो खरं बोलला." पण ती मामांकडे बघून म्हणाली नाही, आणि त्यानंतर महिनाभर घरी आली नाही.

त्या महिनाभरात तिने दुसऱ्या शहरातलं रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी ठकीला तपासून हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं की याबाबत तुमच्याच शहरात संशोधन चालू आहे, तुम्ही नशीबवान आहात. कापून काढा म्हणाली, तर रक्त आवरणार नाही म्हणाले. ती परत आली. ठकी पाचव्या महिन्यात होती. गाठ आता बोराएवढी राहिली नव्हती आणि तो डोळा उघडा आहे की मिटलेला, हा प्रश्नच संपला होता.

मामा रोज सकाळी समितीच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. सचिव त्यांना बघून उठून उभे राहायचे, पंखा लावायचे आणि सल्ला अजून आला नसल्याचं सांगायचे. एकदा मामांचा तोल गेला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले की दोन ओळींचा सल्ला लिहायला एवढे महिने लागतात का. सचिव अजिबात रागावले नाहीत. उलट त्यांनी मामांना बसवलं, पाणी दिलं, आणि आपुलकीने म्हणाले, "हळू, मामा, हळू."

ठकी बसायला लागली, रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहायला लागली. तिचा पहिला वाढदिवस होऊन गेल्यावर कायदेशीर सल्ला आला. नियमावलीतल्या नातेवाइकांच्या व्याख्येत आत्या, मावशी, साडू, व्याही असे सगळे होते, मामेआजोबा नव्हते. म्हणजे मामांचा हितसंबंध नव्हताच. ते पहिल्या दिवसापासून आत बसू शकत होते. अभिनंदनाचा ठराव मात्र कायम ठेवण्यात आला. त्याच बैठकीत संशोधनाला परवानगी मिळाली.

सर्जनबाईंनी ठकीला बोलावून घेतलं. गाठ हाताने चाचपली, दिव्याखाली पाहिली. ती मऊ पडली होती, मधोमध राखी झाली होती, कडेने सुरकुतली होती. पापणी वर आली होती. "आता टोचण्यात अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "ओसरतेय."

भाचीने कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास सोडला. मामांनी तर खिशातला रुमाल काढला. मग बाईंनी ठकीला टेबलावर बसवलं. एका हाताने तिचा चांगला डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताने तिच्यासमोर एक पिवळा चेंडू धरला. एरवी काहीही दिसलं की झडप घालणारी ठकी तशीच बसून राहिली. बाईंनी चेंडू हलवला. ठकीने मान वळवून झाकणाऱ्या हातापासून सुटायचा प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा रडायला लागली. बाईंनी हात काढला. ठकीने रडणं थांबवून चेंडू घेतला.

"चांगल्या डोळ्याला पट्टी लावून बघू," बाई चेंडूकडे बघत म्हणाल्या. "रोज काही तास. थोडं येईल. फार नाही येणार."

भाचीने पट्टी कशी लावायची ते दोनदा विचारून घेतलं. घरी येताना गाडी मामांनी भाचीला चालवायला दिली आणि सबंध रस्ता ते एकदाही 'हळू' म्हणाले नाहीत.

समितीकडे मात्र याच सुमारास आनंदीआनंद होता. परवानगीची वाट पाहणाऱ्या बाळांची छायाचित्रं सचिवांनी पूर्ततेसाठी मागवली होती. जुनी आणि नवी शेजारी ठेवल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं की बहुसंख्य बाळांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या आहेत. एकाही बाळाला केमोचं औषध दिलेलं नव्हतं. दिली गेली होती ती फक्त प्रतीक्षा. अध्यक्षांनी रातोरात अहवाल लिहिला: 'सौम्य गाठींवर प्रशासकीय प्रतीक्षेचा परिणाम.' निष्कर्ष असे की प्रतीक्षा परिणामकारक आहे, तिचा फुप्फुसावर दुष्परिणाम नाही, ती कोणत्याही वयात देता येते आणि तिचा साठा अमर्याद आहे. सबब यापुढे येणाऱ्या प्रत्येक बाळाला आधी प्रतीक्षा द्यावी. तिने गुण न आल्यास केमोचा विचार व्हावा. सर्जनबाईंनी आपलं नाव यावर घालू नका असं लेखी कळवलं. त्यांचे आभार शेवटच्या पानावर मानण्यात आले.

आणखी काही महिन्यांनी अहवाल मंजुरीसाठी समितीपुढे आला तेव्हा बाईंना नियमाप्रमाणे बाहेर बसवलं होतं. अध्यक्षांनी ठकीचं ताजं छायाचित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. नितळ पापणी, गोबरे गाल, तोंडात बोट. वकीलबाई "किती गोड" म्हणाल्या. सगळ्यांनी हात वर केले.

मामांनी केला नाही. ते बसूनच म्हणाले, "तिला एका डोळ्याने दिसत नाही."

अध्यक्षांना वाईट वाटलं. ते माणूस म्हणून खरोखर चांगले होते. त्यांनी मामांना समजावलं की अभ्यासाचा विषय गाठ हा होता आणि गाठ बरी झालेली आहे. डोळा हा विषय असता तर नेत्रविभागाचा सदस्य घ्यावा लागला असता.

"कुठला डोळा?" मामांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुठल्या डोळ्याने दिसत नाही तिला? बाईंच्या प्रस्तावाला जोडलेल्या बाळांच्या यादीत लिहिलंय. सात वेळा आलाय तो इथे."

कागदांची चाळवाचाळव झाली. औषधशास्त्राचे प्राध्यापक उजवा म्हणाले. वकीलबाईंना डावा असल्याचं आठवत होतं. सचिवांनी पडद्याकडे पाहिलं, पण छायाचित्रात दोन्ही डोळे सारखेच टपोरे होते. अखेर हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा असल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि अहवाल बहुमताने मंजूर झाला. इतिवृत्तात नोंद आहे: 'एका सदस्याने डोळ्याबाबत चौकशी केली.' मामा उठले आणि खाली गेले. पट्टी बांधायची वेळ झाली होती, आणि ठकी ती फक्त त्यांच्याच हातून बांधून घ्यायची.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे समितीला हसले. काहींना संताप आला, एकदोघींचे डोळेही भरून आले, आणि अशा संवेदनशील लोकांत आपलाही समावेश व्हायला हरकत नाही. पहिल्या ठिपक्यापासून पिवळ्या चेंडूपर्यंत आपण ठकीच्या सोबत आहात. डोळा उजवा की डावा, हे मात्र आपणही अजून विचारलेलं नाही.